कंधार शोधलं, अफगाणिस्तान सापडला

नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला जवळचं विमानतळ कोणतं, हे पाहायला कुणी मोबाइलवर नुसतं ‘कंधार विमानतळ’ असं लिहिलं, की बहुधा समोर येतं ते १९९९चं विमान अपहरण. त्या डिसेंबरात काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी-८१४ हे विमान अपहरणकर्त्यांनी अफगाणिस्तानात नेलं. ज्या शहरात ते उतरवलं, त्याचं नाव हिंदीत ‘कंधार’ असंच लिहितात. मन्याडच्या खोऱ्यातलं, राष्ट्रकूटकालीन भुईकोट किल्ल्याचं आपलं कंधार त्या गर्दीत कुठल्या कुठे दिसेनासं होतं.

मराठवाड्यात अशी गावं ढीगभर आहेत. ‘कन्नड शाळा’ शोधा, संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्याऐवजी कन्नड माध्यमाच्या शाळा येतात. ‘लोहा आजचा भाव’ विचारा, नांदेडच्या लोहा बाजार समितीऐवजी लोखंडाचा भाव येतो, कारण हिंदीत लोखंडाला लोहा म्हणतात. परभणीच्या पालमचं तापमान बघायला जावं तर दिल्लीतलं पालम निघतं. तिथे हवामान खात्याचं केंद्रच आहे आणि उन्हाळा-हिवाळ्यात त्याचा आकडा रोज बातम्यांत असतो. ‘भोकर’ म्हटलं की तालुक्याआधी भोकराचं लोणचं हजर. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या शेतकऱ्याने ‘वाशी मार्केट भाव’ टाकला तर त्याला नवी मुंबईच्या वाशीतले कांदा-बटाट्याचे आणि हापूसचे भाव मिळतात, सोयाबीनचा पत्ताच नाही. कळंब यवतमाळातही आहे, आष्टी आणि सेलू वर्ध्यातही आहेत. शिरूरचं तर विचारूच नका: बीडमध्ये शिरूर कासार, लातुरात शिरूर अनंतपाळ आणि या दोन्हींच्या आधी पुण्याचं शिरूर.

सगळ्यात नवलाचा शब्द ‘खासरा’. मराठवाड्यात जमिनीच्या जुन्या वादात १९५४चं खासरा पत्रक हमखास मागतात. पण घाईत ‘खसरा’ असं टाइप झालं की लहान मुलांच्या अंगावरच्या पुरळाचे फोटो येऊ लागतात. हिंदीत जमिनीच्या त्या कागदालाही खसरा म्हणतात आणि गोवरालाही.

हसू येतंच. पण यातली एकही गंमत उगाच घडत नाही, प्रत्येकीमागे नेमकं कारण आहे. ते कळलं की हवी ती गोष्ट मिनिटभरात हाती लागते.

कीर्द आणि खतावणी

मोंढ्यातल्या आडत दुकानात दोन वह्या असतात. कीर्दीत रोजचा व्यवहार तारखेवार लिहिला जातो: आज कुणाचा माल आला, कुणाला किती दिले. पण एखाद्याची बाकी बघायला वर्षभराची कीर्द चाळत बसलं तर दिवस मावळेल. म्हणून खतावणी ठेवतात. तिच्यात प्रत्येकाच्या नावाचं एक खातं असतं आणि त्याच्या सगळ्या नोंदी एका जागी मिळतात.

शोधयंत्र म्हणजे इंटरनेटची खतावणी. गुगलसारख्या कंपनीचे प्रोग्रॅम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर असे सतत फिरत असतात आणि पानं गोळा करतात. ही झाली कीर्द. मग त्या पानांवरचा मजकूर शब्दाशब्दांत फोडला जातो आणि प्रत्येक शब्दाच्या नावाने खातं उघडलं जातं. ‘कंधार’ हा शब्द कोणकोणत्या पानांवर आहे, ‘किल्ला’ कोणकोणत्या. तुम्ही ‘कंधार किल्ला’ लिहिता तेव्हा यंत्र जगभर धावत नाही. ते ही दोन खाती काढतं आणि दोन्हींत असलेली पानं निवडतं. उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत येतं ते म्हणूनच.

निवडलेली पानं लाखात असतात. त्यातलं पहिलं कोणतं? १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेली कल्पना अशी होती: ज्या पानाकडे जास्त आणि वजनदार पानांनी लिंक दिली आहे, ते वर. आज यात तुमचं ठिकाण, भाषा, पानाचा ताजेपणा अशा पुष्कळ गोष्टी मिसळल्या आहेत, पण गाभा तोच राहिला. जिकडे जास्त लोक, तिकडे वजन. अफगाणिस्तानातल्या कंधारबद्दल हिंदीत हजारो पानं आहेत, आपल्या कंधारबद्दल त्या मानाने थोडी. यंत्र चुकत नाही, गर्दीच्या मागे जातं.

त्यात हिंदी, मराठी आणि नेपाळी तिघींची लिपी एक. एकट्या शब्दावर भाषेचं नाव लिहिलेलं नसतं. ‘शिक्षा’ हा शब्द आपल्याकडे दंडासाठी, हिंदीत शिक्षणासाठी. चोरीची शिक्षा शोधणाऱ्याला शिक्षण विभाग भेटतो तो असा.

उपाय साधा आहे, शोधताना एकट्या शब्दावर कधीच थांबू नका. ‘कंधार नांदेड’, ‘कन्नड तालुका संभाजीनगर’, ‘वाशी धाराशिव सोयाबीन’. सोबतीचा शब्द जितका फक्त आपल्याच गावाला लागू पडणारा, तितकं चांगलं. त्या दृष्टीने पिनकोडसारखा शब्द नाही. मराठवाड्यातले बहुतेक पिनकोड ४३१ किंवा ४१३ ने सुरू होतात आणि दिल्लीच्या पालमला तो आकडा चुकूनही लागत नाही. गुगल २०१२ पासून माणसं, गावं, संस्था यांच्या स्वतंत्र नोंदीही ठेवतं. त्यामुळे एकाच नावाची दोन गावं आहेत हे त्याला माहीत असतं. कोणतं हवंय, हे मात्र तुमच्या दुसऱ्या शब्दाशिवाय कळत नाही.

नको असलेला अर्थ वजाबाकीच्या चिन्हाने काढता येतो. ‘भोकर -लोणचं’ असं लिहिलं की ज्या पानांवर लोणचं हा शब्द आहे ती वगळली जातात. चिन्हाआधी जागा सोडायची, चिन्हानंतर सोडायची नाही.

आणि नेमक्या या नियमामुळे बियाणं शोधणारे फसतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सोयाबीनचं वाण एमएयूएस-७१, बदनापूरच्या संशोधन केंद्राचं तुरीचं वाण बीडीएन-७११, आणि सोयाबीनचंच सगळीकडे पेरलं गेलेलं जेएस-३३५. घाईत ‘जेएस -३३५’ असं टाइप झालं, म्हणजे रेघेआधी जागा सुटली, की त्याचा अर्थ होतो: जेएस शोध, पण ज्यात ३३५ आहे ते अजिबात दाखवू नकोस. नेमकं हवं तेच वगळलं जातं. वाणाचं नाव रेघ न घालता, मधे जागा सोडून लिहावं किंवा दुहेरी अवतरणात टाकावं. अवतरणातले शब्द त्याच क्रमाने सलग शोधले जातात.

मराठी शब्द हातातून निसटतो कसा

इंग्रजी शब्दाला फार तर एस किंवा ईडी लागतं. आपला शब्द मुळातच बदलतो. ‘कापूस’ला विभक्ती लागली की तो ‘कापसाचा’ होतो, ‘मोंढा’ मोंढ्यात जातो. वेबवरचं शोधयंत्र ही रूपं काही अंशी जोडून घेतं. मेलमधला शोध तेवढा हुशार नसतो. तो साधारणपणे पूर्ण शब्द जुळवतो, शब्दाचा तुकडा नाही. मेलमध्ये ‘कापसाचे पैसे’ असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही ‘कापूस’ शोधलात, तर मेल डोळ्यांसमोर असूनही सापडणार नाही. म्हणून नामाची दोन रूपं तरी टाकून पाहावीत: कापूस आणि कापसाचा, परळी आणि परळीला.

ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ वेगळाच. ‘तूर’ कुणी ‘तुर’ लिहितं. इंग्रजी अक्षरांत लिहिताना कुणी मधे एक यू घालतं, कुणी दोन ओ. यंत्र अशा वेळी दोन शब्दांमधलं अंतर मोजतं: किती अक्षरं बदलली, घातली किंवा काढली की एकाचा दुसरा होतो. या मोजमापाला व्लादिमीर लेवेनश्टाइन या रशियन गणितज्ञाचं नाव आहे, १९६५ पासूनचं. इंग्रजी लिपीतली तूर आणि सहलीची टूर यांत एकाच अक्षराचं अंतर. टूर शोधणारे जगात कितीतरी जास्त, म्हणून तुरीच्या भावाऐवजी सहलींच्या जाहिराती. देवनागरीत ‘तूर भाव’ असं लिहिलं की ही सहल टळते. सरकारी निविदांच्या भाषेत बोलीला ‘बिड’ म्हणतात, त्यामुळे ‘बीड निविदा’ शोधतानाही जिल्ह्याचं नाव आणि बोली यांची अशीच सरमिसळ होते. तिथे ‘बीड जिल्हा परिषद’ असं कार्यालयाचं पूर्ण नाव अवतरणात द्यावं.

यापेक्षा अवघड अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. यातला अर्धा र संगणकात दोन पद्धतींनी साठवता येतो. एक, त्यासाठी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, असलेलं नुक्त्याचं स्वतंत्र ऱ वापरून. दोन, साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारं एक जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. एक्सेलमध्ये, जुन्या पीडीएफमध्ये किंवा पानातल्या पानात शोधताना यंत्र त्यांना वेगळे शब्द समजू शकतं. ‘ॲग्रो’मधल्या ॲचंही तेच: एकसंध ॲ वेगळा आणि अ वर चंद्र काढून केलेला वेगळा. समोर दिसणारा शब्द शोधात ‘नाही’ असं उत्तर येतं ते यामुळे. तेव्हा शब्द हाताने टाइप करू नका, त्याच फाइलमधून कॉपी करून शोधचौकटीत चिकटवा. किंवा शब्दाचा अडचणीचा भाग सोडून द्या, फाइलमध्ये नुसतं ‘शेतक’ एवढं शोधलं तरी पुरतं.

‘सातबारा’ या एका कागदाची किती रूपं होतात, मोजून पाहा. सातबारा, सात बारा, मराठी आकड्यांत ७/१२, इंग्रजी आकड्यांत तेच, मधे तिरकी रेघ, मधे आडवी रेघ, शिवाय इंग्रजी अक्षरांतला सातबारा. तिरकी रेघ शोधात बहुतेकदा जागेसारखीच धरली जाते, म्हणजे उरतात फक्त सात आणि बारा हे दोन आकडे. मग ७ डिसेंबरला आलेली बिलं, बारा वाजताच्या बैठकीची निमंत्रणं, सगळं सातबाऱ्याच्या रांगेत. ‘सातबारा’ हा अक्षरी शब्द आणि सोबत गट नंबर, ही जोडी सगळ्यात भरवशाची.

नावं बदलली, कागद तेच राहिले

मराठवाड्यात जुनं काही शोधायचं तर गावाची आणि संस्थांची जुनी नावं पाठ हवीत. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं. त्याआधीच्या प्रत्येक मेलमध्ये, तिकिटात, निकालात जुनंच नाव आहे आणि ते आपोआप बदलत नाही. नुसतं ‘औरंगाबाद’ लिहिलं तर बिहारमधलं औरंगाबादही येतं, म्हणून सोबत महाराष्ट्र हवं. परभणीचं विद्यापीठ १९७२ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून सुरू झालं, २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. संभाजीनगरचं विद्यापीठ १९५८ पासून मराठवाडा विद्यापीठ होतं, १९९४ मध्ये नामविस्तार झाला. अंबाजोगाईवरचा निजामकाळातला मजकूर हवा असेल तर ‘मोमिनाबाद’ शोधावं लागतं.

रेल्वेच्या जुन्या तिकिटांना मात्र वेगळी किल्ली आहे. आयआरसीटीसीच्या मेलच्या विषयातच गाडी नंबर, तारीख, वर्ग आणि स्टेशनांचे कोड असतात. नांदेडचा एनईडी, परभणीचा पीबीएन, लातूरचा एलयूआर. हे कोड इंग्रजीत टाकले की वर्षानुवर्षांची तिकिटं ओळीने उभी राहतात. जालन्याचं फक्त जमत नाही. जालना स्टेशनचा कोड आहे एकच अक्षर, जे. ते अक्षर कुठेही भेटतं, तेव्हा जालनेकरांनी गाडीचा नंबर किंवा दुसऱ्या टोकाचं स्टेशन धरावं.

जुन्या मेलच्या कोठारात

ईमेलचा इतिहास एका कायमच्या हरवलेल्या मेलनेच सुरू होतो. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांमध्ये पहिला मेल पाठवला. त्यात काय लिहिलं होतं, हे त्यांना स्वतःलाच आठवत नव्हतं. कीबोर्डची वरची ओळ असेल किंवा तसंच काहीतरी, असं ते सांगत.

आज उलटी अडचण आहे, काहीच हरवत नाही. १ एप्रिल २००४ला गुगलने जीमेल जाहीर केलं आणि प्रत्येकाला एक जीबी जागा देऊ म्हटलं. तेव्हा हॉटमेल दोन एमबी देत होतं. तारीख पाहून अनेकांना ती एप्रिल फूलची थापच वाटली. पण थाप नव्हती, आणि त्या दिवसापासून लोकांनी मेल पुसणं सोडून दिलं. मग एका खात्यात पंधरा-वीस वर्षं साठत गेली: नोकरीचे अर्ज, लग्नपत्रिकेचे नमुने, बँकेचे कागद, आणि नेट कॅफेतून स्वतःच स्वतःला पाठवलेले मेल.

हे शेवटचे मेल फार लबाड असतात. गुणपत्रिका स्कॅन करून घेतली, झेरॉक्सवाल्याच्या पत्त्यावरून स्वतःला पाठवली. विषयात काही नाही, फार तर ‘प्रिंट’. फाइलचं नाव ‘स्कॅन०००१’. ‘गुणपत्रिका’ हा शब्द त्या मेलमध्ये कुठेच नाही, मग तो शोधून काय मिळणार? जे तिथे आहे तेच शोधावं लागतं: तारीख आणि जोडलेली फाइल.

जीमेलमध्ये यासाठी आज्ञा आहेत. इथे त्या देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत लिहायच्या आणि कोलननंतर जागा सोडायची नाही. समजा २०१२ची बारावीची गुणपत्रिका हवी आहे. आधी ‘आफ्टर:२०१२/०५/२०’ आणि ‘बिफोर:२०१२/०९/३०’ लिहा. क्रम वर्ष, महिना, दिवस असाच, आणि आकडे इंग्रजी. दोन्हीकडे एखादा दिवस जादा धरा, कारण दिवस कुठे संपतो याचा यंत्राचा हिशोब आपल्या घड्याळाप्रमाणेच असेल असं नाही. पुढे ‘हॅज:अटॅचमेंट’ जोडा. चार महिन्यांतले फाइल जोडलेले मेल तेवढे उरतात आणि बहुधा तिथेच शोध संपतो. नाही संपला तर ‘फाइलनेम:पीडीएफ’ किंवा ‘फाइलनेम:जेपीजी’ लावून पाहा. दोन्ही एकदम हवे असतील तर मधे ‘ऑर’ लिहा, हा शब्द मात्र मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत. स्वतः पाठवलेलं असेल तर ‘फ्रॉम:मी’, म्हणजे इंग्रजीतला मी, एम आणि ई.

तरीही काही दिसत नसेल तर ‘इन:एनीव्हेअर’. साधा शोध स्पॅम आणि कचरापेटीत डोकावत नाही, ही आज्ञा तिथेही जाते. पण त्या दोन्ही जागा ३० दिवसांनी आपोआप रिकाम्या होतात, म्हणून कालपरवा पुसलेलं सापडेल, २०१२ मध्ये पुसलेलं नाही. शेतात रेंज नसताना मोबाइलवर शोधत असाल तर तेही लक्षात घ्या. ॲपमध्ये सहसा अलीकडचेच मेल साठवलेले असतात, मागचं सगळं सर्व्हरवर. नेट आल्यावर पुन्हा शोधा.

एक गोष्ट सगळ्यांनाच कोड्यात टाकते. एखादा शब्द वजा करून शोधलं तरी तो शब्द असलेले मेल समोर येतातच. कारण जीमेल एकाला एक जोडलेली उत्तरं संभाषण म्हणून एकत्र दाखवतं. मालिकेतल्या एका मेलने अट पाळली की अख्खी मालिका वर येते.

जुन्या फॉण्टचा चमत्कार

२००५च्या आसपासचा मराठी मेल किंवा वर्ड फाइल उघडली की अनेकदा अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. त्या काळी कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असे फॉण्ट होते. त्यात संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरंच साठायची, फॉण्ट फक्त त्यांना मराठी रूप द्यायचा. कृतिदेवमध्ये ‘भारत’ लिहिलं की प्रत्यक्षात साठतं मोठं एच, दोन वेळा के, मग जे आणि आर. फॉण्ट नसलेल्या यंत्रावर तीच पाच अक्षरं उघडी पडतात. आणि ‘भारत’ शोधलं तर काहीच नाही, कारण त्या फाइलमध्ये भारत हा शब्दच नाही.

इथे उलटी युक्ती चालते. फॉण्ट कोणता होता हे माहीत असेल तर हवा तो शब्द त्याच फॉण्टमध्ये टाइप करायचा, कॉपी करायचा आणि ती अगम्य अक्षरं शोधचौकटीत टाकायची. अख्खी फाइल वाचायची असेल तर त्या फॉण्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात. रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घालावीत, चुका तिथेच होतात. जुन्या सरकारी पीडीएफमध्येही हाच प्रकार. शासन निर्णयावर छापलेला लांबलचक सांकेतांक हे त्यावरचं उत्तम औषध: त्यात नुसते आकडे असतात, आणि शासनाच्या संकेतस्थळावर तो टाकून निर्णय शोधता येतो.

कागदाचा फोटो असेल तर त्यातली अक्षरं यंत्राच्या लेखी केवळ काळे ठिपके. तो फोटो संगणकावरून गुगल ड्राइव्हमध्ये चढवा, उजवी कळ दाबा, ‘ओपन विथ’मधून गुगल डॉक्स निवडा. फोटोखाली त्यातला मजकूर टाइप होऊन येतो, मराठीसुद्धा. फाइल दोन एमबीच्या आत, कागद सरळ आणि उजेड सारखा असावा. छापील मजकूर चांगला उतरतो, तलाठ्याच्या हाताचा नाही.

दुसऱ्याची पत्रं आपल्या घरी

जुने मेल शोधताना हमखास भेटतात ते आपल्या नावाच्या दुसऱ्या माणसाचे. कुणाच्या साखरपुड्याचं निमंत्रण, कुणाचं वीजबिल, कुणाच्या पोराच्या शाळेची फी. मराठवाड्यात एका गावात एकाच नाव-आडनावाची चार माणसं निघतात, मग हे व्हायचंच. त्यात जीमेल पत्त्यातल्या टिंबांकडे लक्षच देत नाही. नाव आणि आडनावामध्ये टिंब असलं काय, नसलं काय, पत्ता एकच. त्या भल्या माणसाचा पत्ता बहुधा शेवटी एखादा आकडा असलेला असतो, फॉर्म भरताना तो राहून जातो आणि पत्र तुमच्या दारात. खातं पक्कं करण्याची लिंक आली असेल तर ती दाबू नका, दुसऱ्याचं खातं तुमच्या मेलला बांधलं जाईल. पाठवणारा खरा माणूस असेल तर एका ओळीत ‘हा पत्ता त्यांचा नाही’ एवढं कळवणं पुरे. साखरपुड्याचं निमंत्रण असेल तर ते आजच कळवा.

पुढे शोधायला सोपं जावं म्हणून याच पत्त्याचा एक गुण वापरता येतो. ॲटच्या चिन्हाआधी अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला, उदाहरणार्थ पीकविमा, तरी मेल तुमच्याकडेच येतो. काही फॉर्म तो पत्ता नाकारतात, पण जिथे चालतो तिथून आलेला प्रत्येक मेल पुढे त्या एका शब्दावर सापडतो.

वर्षानुवर्षं न उघडलेलं जुनं खातं असेल तर ते आधी उघडा. सलग दोन वर्षं न वापरलेली खाती गुगल पुसू शकतं, डिसेंबर २०२३ पासून हे सुरू झालं आहे. खातं भरलं असेल तर ‘लार्जर:५एम’ शोधा. पाच एमबीहून मोठे मेल दिसतात. ड्राइव्ह, फोटो आणि मेल मिळून फुकटची जागा १५ जीबी, आणि ती भरली की नवे मेल यायचेच बंद होतात.

वेबवरचं पान नाहीसं झालं असेल तर पूर्वी गुगलने साठवलेली त्याची प्रत बघता यायची. ती सोय २०२४ मध्ये बंद झाली. आता वेबॅक मशीन या संकेतस्थळाकडे जावं. ते चालवणारी इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून पानांच्या प्रती जमवते. पानाचा जुना पत्ता टाकला की तारखांचं कॅलेंडर येतं, त्यातली एखादी निवडायची.

संगणकावर ‘जवळचं कृषी सेवा केंद्र’ शोधल्यावर पुण्यातली दुकानं येतात, त्याचंही कारण साधं आहे. संगणकात सहसा जीपीएस नसतं. यंत्र तुमच्या इंटरनेट जोडणीवरून ठिकाण ताडतं, आणि ती जोडणी मोबाइल कंपनीच्या पुण्या-मुंबईतल्या केंद्रातून बाहेर पडत असू शकते. शोधपानाच्या अगदी तळाशी यंत्राने धरलेलं गाव लिहिलेलं असतं, तिथेच ते दुरुस्त करता येतं.

आणि आता मेल पाठवताना. विषयाची ओळ कोरी सोडू नका, फाइलला स्कॅनरने दिलेलं नाव ठेवू नका. ‘सातबारा, गट ११२, कंधार, नांदेड, जून २०२५’ असं नाव द्यायला दहा सेकंद लागतात. दहा वर्षांनी यातला कुठलाही एक शब्द आठवला तरी कागद सापडेल.